लमजुंगचा ताळेबंद

आमच्या शाखेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक ग्राहक नेमाने येतात. भारतीय सैन्यातील गोरखा रायफल्समधून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता शहरातील एका गृहसंकुलात सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. नेपाळला पैसे पाठविण्याचा अर्ज ते स्वतःच्या हाताने, वळणदार देवनागरीत भरतात. त्यात खाडाखोड कधी दिसली नाही. रिझर्व्ह बँकेने भारत-नेपाळ रेमिटन्स योजना २००८ मध्ये सुरू केली, तेव्हा एका वेळी पन्नास हजार रुपयांची मर्यादा होती. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून पाठवावयाच्या रकमेसाठी ती दोन लाखांवर नेण्यात आली. ही माहिती मी काउंटरवर शेकडो वेळा सांगितली असेल. मात्र हे पैसे ज्या गावी पोहोचतात ते गाव कसे आहे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

२०२३ च्या पावसाळ्यात बोलता बोलता मी त्यांना म्हणालो की, यंदाची रजा सहलीत न घालविता कोठे तरी उपयोगी पडावे असे मनात आहे. त्यांनी पावतीची घडी खिशात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, मग आमच्या गावी चला. बायकांची सहकारी संस्था आहे. पैसा जमतो, पण हिशेब लिहिणारे हात कमी आहेत. तुम्हांला तेच येते ना?"

खरे सांगायचे तर तोपर्यंत मी दुसराच बेत आखीत होतो. नेपाळमध्ये स्वयंसेवेची हौस पुरविणाऱ्या अनेक मध्यस्थांची पत्रके मी मागविली होती. त्यांत हसऱ्या मुलांची छायाचित्रे होती, अनाथाश्रमात दोन आठवडे 'प्रेम वाटण्याची' संधी होती आणि त्यासाठी भरावयाचे भरभक्कम शुल्कही होते. अधिक वाचन केले तेव्हा या चित्राची दुसरी बाजू कळली. १९९६ ते २००६ या दशकात नेपाळमध्ये माओवादी संघर्ष पेटला होता. त्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईवडिलांना शिक्षणाचे व सुरक्षिततेचे आमिष दाखवून दलालांनी त्यांची मुले काठमांडूला आणली आणि अनाथ म्हणून ठेवली. कॉनर ग्रेनन हे अमेरिकन गृहस्थ २००४ मध्ये गोदावरी येथील एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेले, तेव्हा तेथील मुलांचे पालक जिवंत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी ते पालक शोधण्याचे काम हाती घेतले व त्यावर पुस्तकही लिहिले. नेपाळच्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, असे त्या क्षेत्रातील जाणकार सांगतात. पर्यटकांची वर्दळ जेथे अधिक, तेथेच बालगृहेही अधिक, ही गोष्टही बोलकी आहे. मागणी आली की पुरवठा होतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला निराळे शिकवावे लागत नाही. पत्रके मी बाजूला ठेवली आणि सप्टेंबरअखेरची अर्धवार्षिक धांदल आटोपल्यावर तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला.

"नेपाळ म्हणजे काही परदेश नव्हे," असे घरचे म्हणत होते. गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन सुनौलीची कमान पायी ओलांडली, तेव्हा मलाही तसेच वाटले. १९५० च्या मैत्री कराराचा वारसा असा की, भारतीय नागरिकाला येथे व्हिसा लागत नाही. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे सरकवावे लागते, एवढाच काय तो देश बदलल्याचा पुरावा. दुकानांच्या पाट्या देवनागरीत असल्याने मराठी माणसाला अर्धेअधिक वाचता येते, आणि वाचता येते म्हणून समजलेच असा भ्रमही होतो. भात म्हणजे भात, काका म्हणजे काका, परवा म्हणजे पर्सि. पण कोदो म्हणजे आपला कोद्रा समजून मी फसलो. ती चक्क आपली नाचणी निघाली.

पोखऱ्याच्या रस्त्यावरील डुम्रे येथून उत्तरेकडे वळले की मर्स्याङदी नदीच्या काठाकाठाने बेसीसहर लागते. हे लमजुंग जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. तेथून जीपने वर चढत गेल्यावर गुरुंग समाजाची वस्ती असलेले ते गाव आले. कोजागरीचे दिवस होते. दशैंचा मोठा सण नुकताच उलटला होता. समोर लमजुंग हिमाल आणि खाली पिकलेल्या भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते.

भात खानुभयो?

गावात भेटणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारी: भात खाल्लात का? पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला प्रामाणिकपणे, सविस्तर उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी समजले की, हे आपल्या 'काय, बरे आहे ना?' सारखे आहे. पहाटे चहा, सकाळी दहाच्या सुमारास डाळभात, आणि सायंकाळी पुन्हा डाळभात किंवा नाचणीचा ढिँडो. त्यासोबत गुन्द्रुक, म्हणजे मोहरीची वा मुळ्याची पाने आंबवून, वाळवून केलेली आंबटसर भाजी. पहिल्या घासाला नाक मुरडले. परतताना पिशवीभर मागून घेतले.

ज्यांच्या घरी राहिलो त्या आमचे ग्राहक गृहस्थांच्या वहिनी. सारे त्यांना आमा म्हणत, मीही म्हणू लागलो. घरात तरुण पुरुष नव्हता. एक मुलगा कतारला, दुसरा मलेशियाला. गावातील बहुतेक घरांची हीच कथा. पूर्वी पलटणीत जाणाऱ्याला येथे लाहुरे म्हणत, कारण पंजाबच्या महाराजांच्या काळी भरतीसाठी लाहोरची वाट धरावी लागे. आता खाडी देशांत जाणाऱ्यांचे गाव आहे इतकेच.

एके रात्री आमांनी पेटीच्या तळातून कापडाची पुरचुंडी काढली. तीत भारताच्या एक हजाराच्या दोन जुन्या नोटा होत्या. पतीने कमावून आणलेल्या. २०१६ च्या नोटाबंदीनंतर भारतात आम्ही रांगा लावून नोटा बदलून दिल्या, परंतु नेपाळमधील सामान्य लोकांजवळच्या नोटा तशाच राहिल्या. "तुम्ही बँकेचे सर ना? यांचे काय करू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमांनी नोटा पुन्हा तितक्याच जपून गुंडाळून ठेवल्या.

संस्थेचे कामकाज सामुदायिक भवनाच्या एका खोलीत चाले. सकाळी गुरांचे आटोपल्यावर आणि पुन्हा दिवेलागणीनंतर अकरा स्त्रिया जमत. आमा समूह म्हणून त्यांनी सुरुवात केली होती, पुढे बचत व कर्जाची सहकारी संस्था झाली. या कामात किती जोखीम असते हे त्यांना चांगले ठाऊक होते. नेपाळमध्ये तीस हजारांवर सहकारी संस्था आहेत, आणि त्या सुमारास शहरांतील अनेक संस्था बुडून ठेवीदार रस्त्यावर आल्याच्या बातम्या रोज रेडिओवर येत होत्या. २०२४ मध्ये तर त्यासाठी संसदेची विशेष चौकशी समिती नेमावी लागली. "आमचीही तशी होणार नाही ना?" असे एका आजींनी मला पहिल्याच दिवशी विचारले. त्यांची सारी पुंजी तेथे होती.

पहिला घोळ व्याजाचा निघाला. आपण वर्षाचे ३६५ दिवस धरून सूत्र लावतो. नेपाळचा व्यवहार विक्रम संवताच्या सौर महिन्यांवर चालतो आणि ते महिने २९ पासून ३२ दिवसांपर्यंत कितीही असू शकतात; कोणता किती दिवसांचा हे वर्षागणिक बदलते. आर्थिक वर्ष श्रावणाच्या १ तारखेला सुरू होते. माझ्या संगणकातील तयार तक्ते निरुपयोगी ठरले. शेवटी भिंतीवरचे पात्रो, म्हणजे पंचांग, खाली काढले आणि बोटे मोजून दिवसांचा तक्ता केला. संस्थेच्या लेखनिक मुलीने तो माझ्याहून आधी पुरा केला, हे नमूद केले पाहिजे.

तेरा हजार आठशे

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे मला सोपे नाही. पाचव्या दिवशी मी असोज महिन्याची, म्हणजे दशैंच्या महिन्याची तेरीज काढली. सभासदांच्या पासबुकांतील ठेवी एक आकडा सांगत होत्या, रोजकीर्द दुसरा. फरक १३,८०० नेपाळी रुपयांचा. पासबुकात जमा आहे पण कीर्दीत नाही, ही अपहाराची पहिली खूण, असे आम्हांला प्रशिक्षणात शिकविलेले असते. पासबुके लेखनिक मुलगी लिही. कीर्द आणि पेटी खजिनदार दिदींकडे. पन्नाशीच्या, प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकलेल्या या बाईंनी पेटीतील रोकड कीर्दीबरहुकूम असल्याचे मला सांगितले होते. मी पेटी स्वतः उघडून पाहिली नाही. सायंकाळच्या बैठकीत, सर्वांसमक्ष, फळ्यावर आकडा लिहून म्हणालो, "इतक्या रकमेची तूट आहे."

शाखेत असे वाक्य रोज उच्चारले जाते. तेथे ते कागदाविषयी असते. येथे खोलीत एकदम शांतता पसरली आणि सर्वांच्या नजरा दिदींकडे वळल्या. त्या काही बोलल्या नाहीत. किल्ली टेबलावर ठेवून निघून गेल्या.

दोनच दिवसांनी, ३ नोव्हेंबरच्या रात्री, खाट हलली. अंगणात सारे जमले. येथे भूकंपाची आठवण ताजी असते. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप शेजारच्या गोरखा जिल्ह्यातील बारपाकजवळ केंद्रित होता आणि देशभर सुमारे नऊ हजार माणसे त्यात गेली. तो शनिवार होता. नेपाळमध्ये तो सुटीचा वार, म्हणून शाळा रिकाम्या होत्या, असे लोक अजून बोटावर मोजून सांगतात. या वेळी सकाळी कळले की, घाला दूर पश्चिमेकडील जाजरकोट भागावर पडला होता. दीडशेहून अधिक लोक दगावले. तिकडे जावे काय, असे मी आमांना विचारले. त्या म्हणाल्या, "तेथे जाऊन भात खाणारे एक तोंड वाढवाल." त्या रात्री अंधारात म्हाताऱ्यांना घराबाहेर काढण्यासाठी सर्वांत आधी धावलेल्या व्यक्ती खजिनदार दिदी होत्या, हे मी पाहिले होते. तरी त्या संस्थेत आल्या नाहीत.

मधल्या दिवसांत शेतात भातकापणी सुरू झाली. मी विळा घेऊन गेलो, तेव्हा सोबतच्या बायका हसून म्हणाल्या, "हे पर्म चालले आहे." पर्म म्हणजे श्रमांची उसनवार, आज मी तुमच्या शेतात एक दिवस, उद्या तुम्ही माझ्या. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे परके वाटणार नाही. मी फुकट काम करण्यास आलो आहे ही कल्पना कोणालाच मान्य नव्हती. माझे हिशेबाचे तास त्यांनी मनात मांडून ठेवले होते आणि त्याबदली माझ्या खोलीत रोज लाकूडफाटा, दही, एकदा लोकरी टोपी येऊन पडे. उपकार घेणे त्यांना ठाऊक नव्हते, देणेघेणे ठाऊक होते. दिदींच्या घरूनही एकदा गुन्द्रुक आले. ते पाहून मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

तिहार आला. पहिल्या दिवशी कावळ्यांना, दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना गंधफुलांचा मान. गावातील यच्चयावत भटकी कुत्री गळ्यात झेंडूच्या माळा घालून मोठ्या रुबाबात हिंडत होती. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. घरोघरी सेलरोटी तळण्याचा वास सुटला होता. सायंकाळी संस्थेची लोखंडी पेटी पूजेसाठी बाहेर आली आणि उघडली गेली. आपल्याकडील वहीपूजनासारखाच तो देखावा मी कौतुकाने पाहत होतो. पेटीत नेपाळी नोटांच्या गड्ड्यांशेजारी फडक्यात बांधलेली एक वेगळी गड्डी होती. पूजेसाठी ती सोडली. वर गांधीजींचे चित्र.

त्या भारताच्या शंभराच्या नोटा होत्या. दशैंसाठी भारतातून घरी आलेल्या मुलांनी आणलेल्या व आयांनी ठेव म्हणून भरलेल्या. तिहारनंतर त्या बेसीसहरला जाऊन बदलावयाच्या होत्या. मी तेथेच बसून मोजल्या. २३० नोटा, २३,००० रुपये. एका भारतीय रुपयास एक रुपया साठ पैसे नेपाळी हा दर १९९३ पासून स्थिर आहे. लेखनिक मुलीने पासबुकांत त्याप्रमाणे ३६,८०० जमा दाखविले होते. दिदींनी पेटीत जे पडले ते मोजून कीर्दीत २३,००० लिहिले होते. दोन्ही नोंदी प्रामाणिक होत्या. फरक १३,८००.

मी आजवर पुष्कळ फरक शोधून काढले आहेत आणि त्या प्रत्येकाचा आनंद झाला आहे. या वेळी झाला नाही. मी तसाच उठून दिदींच्या घरी गेलो. त्या अंगणात रांगोळी घालीत होत्या. मी मोडक्या नेपाळीत चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आत गेल्या आणि रुमालात बांधलेली रक्कम माझ्यापुढे ठेवली. पूर्ण १३,८०० होते. मुलगा परत येईल तेव्हासाठी पोसलेला खसी त्यांनी चार दिवसांपूर्वी खालच्या गावातील खाटकाला विकला होता. चोरी केली म्हणून नव्हे; संस्था बुडू नये म्हणून. पैसे अर्थातच त्यांच्याकडेच राहिले. खसी परत येणे शक्य नव्हते.

"पहिले सोध्नुपर्छ नि, भाइ," एवढेच त्या म्हणाल्या. आधी विचारायचे असते, भाऊ.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी फळ्यावर तोच आकडा पुन्हा लिहिला आणि तो कसा उद्भवला हे सांगितले. माझी चूक कोणती, तेही सांगितले. बायकांनी त्यावर फारशी चर्चा केली नाही. एका आजींनी मात्र विचारले की, मग बँकेत तुम्ही रोज असे किती लोकांना म्हणता? सगळे हसले. दिदी हसल्या की नाही, हे पाहण्याचे धाडस मला झाले नाही. त्यानंतर कीर्दीत एक नवा रकाना आखण्यात आला: 'भारु', म्हणजे भारतीय रुपये. रकाना मी आखला. आखण्याची सूचना दिदींची.

त्या रात्रींत देउसी-भैलोच्या टोळ्या गाणी म्हणत घरोघर हिंडत होत्या. प्रत्येक दारी सुपात तांदूळ, पणती, सेलरोटी आणि काही पैसे मिळत. आमा समूह ही रक्कम गावाच्या कामासाठी ठेवतो. पायवाटेच्या काही पायऱ्या अशाच नाचून बांधल्या गेल्या आहेत. त्या वर्षीची रक्कम जाजरकोटकडे पाठवावी असे ठरले. नव्या कीर्दीतील ती पहिली नोंद झाली.

निघण्यापूर्वी

हा लेख वाचून कोणास असे जावेसे वाटले तर काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. विमानाने जाणाऱ्या भारतीयाजवळ पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र असावे. चलनाविषयी विशेष काळजी घ्यावी: २०१८ मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा वापरण्यास मनाई केली होती. या नियमांत पुढे बदल होत आले आहेत, म्हणून निघताना आपल्या शाखेत चौकशी केलेली बरी. शंभराच्या नोटा जवळ असलेल्या केव्हाही चांगल्या. गावी पैसे पाठविणाऱ्या आपल्या नेपाळी ग्राहकांनाही रेमिटन्स योजना अवश्य समजावून सांगावी. कपड्यांत शिवून नेलेल्या रकमेपेक्षा ती निश्चितच सुरक्षित आहे, आणि कीर्द लिहिणाऱ्याचे कामही सोपे करते. मुलांच्या संस्थांत दोन-चार आठवड्यांसाठी जाण्याचे मात्र कृपया टाळावे. आपल्या हाताला जे काम रोज येते तेच मागितले जात असेल, तर जावे. कोणी मागितलेले नसेल, तर पर्यटक म्हणून जावे. नेपाळला त्याचाही उपयोग आहे.

भाइटीकाच्या सकाळी मी सामान बांधीत होतो. तीन दिवसांनी निघावयाचे होते, तरी उगाच हात गुंतवून ठेवले होते. आपल्या भाऊबीजेला मी प्रथमच घरापासून दूर होतो. लेखनिक मुलगी निरोप घेऊन आली: दिदींनी बोलाविले आहे.

अंगणात चटई घातली होती. दिदींनी माझ्याभोवती तेल-पाण्याची धार धरली, उंबऱ्यावर ठेवलेला अक्रोड दगडाने फोडला, कारण तो फुटला की भावावरचे अरिष्ट टळते. मग केळीच्या सालीचा आधार धरून कपाळावर एकाखाली एक सात रंगांची बोटे ओढली आणि न कोमेजणाऱ्या मखमली फुलांची माळ गळ्यात घातली. मी ओवाळणी म्हणून पाकीट पुढे केले. त्यांनी ते घेतले, तेथेच उघडले, आतील नोटा काढून मोजल्या आणि विचारले, "नेरु की भारु?"

मी म्हणालो, "नेरु."

त्यांनी मान डोलावली आणि सेलरोटीचे ताट माझ्यापुढे सरकविले.